बहिणीची सही कधी घेतली जाते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुलींच्या वारसाहक्कावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २००५ ला कायदा बदलला, मुलगा-मुलगी समान झाले, विषय संपला. हिंजवडीत मुली मुलांइतकं कमावतात. मुळशी, मावळ, खेडकडच्या घरांत बहिणी हक्कसोडपत्र करून देतात ते राजीखुशीने, कारण त्यांच्या लग्नात खर्च झालेला असतो आणि आईवडिलांना भाऊ सांभाळतो. जमिनीचे तुकडे करून कोणाचंच भलं होत नाही. अशा घरांत भेदभाव शोधणं म्हणजे भावाबहिणींत भांडणं लावणं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत की तुमच्या बहिणीने २०१६ मध्ये सही करून दिली आहे, तर आता तुम्ही काय करायचं? त्याचं उत्तर शेवटी आहे. आधी तुमच्या हरकती.

कायदा समान झाला हे बऱ्याच अंशी खरं आहे, पूर्ण खरं नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ चं कलम १५ बघा. नवरा आधीच वारलेला, मूल नाही आणि बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो. म्हणजे सासू, ती नसेल तर पुढे दीर वगैरे. तिची स्वतःची आई त्यांच्यानंतर. हीच वेळ पुरुषावर आली तर त्याची आई पहिल्या वर्गाची वारस असते आणि मेव्हण्यांचा संबंधच येत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा खटला याच मुद्द्यावर निकाली निघाला. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी करून पैसे साठवले. ती गेल्यावर ते पैसे सासरकडच्या वारसांना मिळाले. तुम्ही म्हणता त्या हिंजवडीतल्या मुलींनी आजच करावं असं काम म्हणजे मृत्युपत्र. साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे. फक्त नॉमिनी लावून भागत नाही, कारण नॉमिनी मालक होत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा, राजीखुशीचा. कोणाच्या मनात काय आहे हे बाहेरून कळत नाही आणि ते शोधत बसण्याची गरजही नाही. सही कोणत्या दिशेने होते, कधी होते आणि काय सांगून घेतली जाते, एवढं तपासलं तरी पुरतं.

दिशा बघा. गावात राहून आईचं सगळं करणारी बहीण आणि पुण्यात पक्की नोकरी, स्वतःचा फ्लॅट असलेला भाऊ, अशीही घरं आहेत. त्या भावाने बहिणीच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं, असं तुमच्या पंचक्रोशीत किती वेळा ऐकलंत? सांभाळ आणि गरज हीच खरी कारणं असती, तर सह्या दोन्ही बाजूंनी झाल्या असत्या. त्या एकाच बाजूने होतात. भेदभाव आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर एवढ्यावरच उभं आहे. त्यासाठी एकाही भावाला दुष्ट म्हणावं लागत नाही.

वेळ बघा. सही मागितली जाते ती बहुतेकदा दोन प्रसंगी. एक, दहावा-तेरावा उरकल्यावर लगेच, वारस नोंदीच्या गडबडीत. दुसरा, जमिनीचा व्यवहार ठरल्यावर. खरेदीदाराचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो, बहिणींची नावं निघतात आणि तो सह्या आणायला सांगतो. मग गाडी पाठवून बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात आणलं जातं. फोटो, अंगठा, ओळखदार, सही. दस्त तिथेच पहिल्यांदा हातात येतो. एक तर दुःखात असलेल्या माणसाकडून, नाहीतर ‘तुझ्यामुळे व्यवहार अडला’ असं ऐकलेल्या माणसाकडून ही संमती आलेली असते. माहेर तुटेल ही भीती दोन्ही वेळा असतेच.

आणि काय सांगून? ‘तुझं लग्न १९९४ च्या आधी झालंय, तुला हक्कच नाही, ही फक्त औपचारिकता आहे.’ हे धडधडीत चूक आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे मुलासारखी जन्मापासूनची हिस्सेदार, केलं तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, हे खरं. पण ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट नाही. वडील त्या दिवशी हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली रीतसर वाटपं आणि विक्री मात्र अबाधित राहतात. ‘आमचं तोंडी वाटप तेव्हाच झालं होतं’ एवढं म्हणून चालत नाही, त्याला सरकारी कागदाचा आधार लागतो. आणि वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलगी १९५६ पासूनच मुलाइतकी वारस आहे.

आकड्यांत सांगायचं तर चार एकर, म्हणजे १६० गुंठे वडिलोपार्जित जमीन धरा. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. जुन्या नियमाने वडील, आई आणि दोन मुलगे असे ४०-४० गुंठ्यांचे चार हिस्से पडत आणि फक्त वडिलांचे ४० गुंठे चौघांत वाटले जात. मुलीला १० गुंठे, आई आणि मुलांना ५०-५०. आताच्या नियमाने आधी ३२ गुंठ्यांचे पाच हिस्से आणि वडिलांच्या ३२ मधून प्रत्येकाला ८. म्हणजे चौघांनाही ४०. सही करण्यापूर्वी किती बहिणींना हा ४० चा आकडा सांगितला जातो? चाकण किंवा हिंजवडीजवळच्या माणच्या बाजूला ४० गुंठ्यांची किंमत काय होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

लग्नातल्या खर्चाबद्दल फार लिहीत नाही. खर्च मुलाच्या लग्नातही होतो आणि तो त्याच्या हिश्श्यातून कोणी वळता करत नाही. कायद्यात अशी वजावट नाही.

सांभाळाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. म्हाताऱ्या माणसांचं औषधपाणी, रात्रीची जागरणं, दवाखान्याच्या फेऱ्या, हे ज्याने केलं त्याला त्याचं मोल मिळालंच पाहिजे. (ते प्रत्यक्षात बहुतेक सून करते आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, हेही त्याच हिशेबात धरा.) पण त्यासाठी बहिणीचा जन्मजात हिस्सा काढून घ्यायची गरज नाही. आईवडील आपापल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करून सांभाळणाऱ्याला, मुलगा असो वा मुलगी, जास्त देऊ शकतात. शिवाय जबाबदारी कायद्याने मुलींवरही आहेच. विवाहित मुलीनेही आईवडिलांना पोसलं पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं, तेही महाराष्ट्रातून आलेल्या विजया आरबट यांच्या खटल्यात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा-मुलगी असा फरक नाही.

तुकड्यांचं म्हणाल, तर तीन भाऊ असले तरी तेवढेच तुकडे पडतात, आणि तिसऱ्याने हक्क सोडावा असं कोणी म्हणत नाही. एकत्र ठेवायची असेल तर खातं सामाईक ठेवा: सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, वहिवाट भावाकडे, बहिणीला दरवर्षी ठरलेला वाटा. परका माणूस घुसेल ही भीती असेल तर त्याच हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ बघा. वारसाहक्काने आलेला हिस्सा एखादा वारस विकायला निघाला तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांना आहे आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. बहिणीचा हिस्सा भावाने विकत घ्यावा, हप्त्याने का होईना. तो फुकट मिळाला पाहिजे हा आग्रह कशासाठी?

समाजाने काय करावं, याकडे येतो तेव्हा एक अवघड गोष्ट सांगायला हवी. नुसता कायदा केला की माणसं वळतात असं होत नाही. वारसा कायद्यातल्या सुधारणांचा अभ्यास केलेल्या सोनिया भालोत्रा, राशेल ब्रुले आणि संचारी रॉय यांना आढळलं की या सुधारणांनंतर मुलाचा हव्यास आणि मुलींची गर्भातच हत्या वाढली. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ ला ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण मुलीचा हिस्सा म्हणजे घराचा तोटा ही समजूतही त्यात असावी. दुसऱ्या बाजूला, प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या पाहणीत जमीन आणि घर दोन्ही नसलेल्या ४९ टक्के विवाहितांनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. म्हणून हक्क सोडून द्या हा उपाय होऊ शकत नाही. तो मिळण्याची रीत बदलावी लागते.

रीत कुठे बिघडते ते सांगतो. वारस नोंदीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करायचा असतो. अर्ज सहसा भाऊ करतो, वारसांची यादी तोच लिहितो आणि मुलींची नावं तिथेच गळतात. मग फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद होते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. ती चावडीवर लागते आणि बहीण असते सांगलीला. हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही, पण उद्या रस्त्याला जमीन गेली तर भूसंपादनाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावांनाच पोचते. म्हणून बहिणींनी माहेरचे गट नंबर लिहून ठेवावेत, सातबारा संकेतस्थळावर अधूनमधून बघावा, ‘आपली चावडी’वर फेरफाराच्या नोटिसा तपासाव्यात. नाव वगळलं असेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी, म्हणजे प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. नोंद प्रमाणित झालीच असेल तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील.

भावांनी करायच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. यादीत बहिणींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावं घाला. वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणाकडूनही हक्कसोडपत्र मागू नका. नंतरही कोणाला खरोखर सोडायचं असेल तर मसुदा तिला पंधरा दिवस आधी द्या, त्यात तिचा हिस्सा गुंठ्यांत आणि रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, किमतीत लिहा, आणि वकील तिचा वेगळा असू द्या. जमीन विकताना तिला ‘संमती देणार’ म्हणून कोपऱ्यात उभं करू नका; ‘लिहून देणार’ म्हणून नाव घाला आणि चेक तिच्या खात्यावर काढा. वडील हयात असताना त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यावर ‘पुढे हक्क सांगणार नाही’ असं मुलीकडून लिहून घेण्याला एरवी काही अर्थ नसतो, कारण भावी वारसाहक्काची आशा हस्तांतरित करता येत नाही.

हे परक्या मुलखातलं खूळ आहे असं वाटत असेल तर चाकणजवळच्या आंबेठाणची आठवण करून देतो. तिथे राहणाऱ्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९ नंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमिनी केल्या. १९९२ मध्ये सरकारने त्याची योजना केली. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं ते त्या योजनेमुळे.

आता तुमच्या बहिणीचं. २०१६ चं हक्कसोडपत्र नोंदलेलं असेल तर ते नुसतं मन बदललं म्हणून रद्द होत नाही. फसवणूक किंवा दडपण होतं असं म्हणून दिवाणी न्यायालयात जावं लागतं, तेही ते कळल्यापासून तीन वर्षांत. साध्या कागदावर किंवा नुसत्या नोटरीपुढे केलेलं असेल तर त्याने तिचा हक्क गेलेलाच नाही. नव्याने वारस नोंद करून नाव लावा. नोंदलेलं असेल आणि तुम्हाला हिस्सा परत द्यायचा असेल, तर तुम्ही बक्षीसपत्र करू शकता. इथे एक विषमता तुमच्या लक्षात येईल. बहिणीने वडिलोपार्जित हिस्सा भावाला विनामोबदला सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र, काही शे रुपये. भावाने तोच हिस्सा बहिणीला बक्षीस दिला तर बाजारमूल्याच्या ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार. २० लाखांच्या हिश्श्याला ६० हजार आणि वर अधिभार. हे जड वाटत असेल तर जमीन तुमच्याकडे ठेवून तिच्या हिश्श्याची रक्कम तिच्या खात्यावर टप्प्याटप्प्याने भरा. भावाकडून आलेल्या भेटीवर बहिणीला आयकर नाही. मात्र बँकेतूनच द्या, आणि कशाबद्दल देताय ते एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, म्हणजे उद्या तुमच्या मुलांना आणि तिच्या मुलांना हिशेब लागेल.

जमीन कोणत्या सर्व्हे नंबरात आहे ते इथे लिहू नका. दस्ताचा प्रकार, वर्ष आणि वडील कोणत्या साली गेले एवढं कळवलंत तर पुढचं सांगता येईल.