साखर मागू नकोस!

परवाच्या रविवारची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही. पुण्याहून शाळासोबती आला होता. अकरा वर्षं जपानात काढलेला माणूस पाहुण्याला नेणार कुठं? उजीला. क्योतोच्या दक्षिणेला, जपानी चहाची पंढरी.

गाडीतच मी बौद्धिक घेतलं. ग्योकुरो हा चहा म्हणजे काय, तर खुडणीआधी तीनेक आठवडे झाडांवर सावली धरतात. ऊन कमी, म्हणून तुरटपणा कमी. पाणी 50 ते 60 अंशांचंच.

"कोमट, म्हण की. उकळी नाही तर चहा कसला?"

"आणि हे बघ, साखर मागू नकोस. इथं असलं कुणी करत नाही." हे वाक्य मी तीनदा ऐकवलं होतं. आता तेच आठवून कान गरम होतात.

दुकानात सत्तरीच्या आजीबाई होत्या. मी जपानीत बोललो, त्या म्हणाल्या, "जपानी छान बोलता हो!" हे कौतुक इथं नुसतं 'आरिगातो' म्हटलं तरी मिळतं, त्यामुळे मूठभर मांस चढण्याऐवजी उतरतं. वर माझ्यापुढे इंग्रजी मेनूकार्ड ठेवलं. चित्रांचं.

ग्योकुरो आला. इवलीशी पेली, दोन घोट. मित्रानं उजव्या हाताचा खळगा केला, त्यात ओतून ओठांना लावला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

आजीबाई थबकल्या. मला हळूच विचारलं, "ही भारतातली पद्धत का?"

काय सांगणार? हो म्हणालो. तर त्यांनीही पदराला, म्हणजे एप्रनला हात पुसला, तळवा पुढे केला आणि तीर्थ घेतलं! डोक्यावरून हात फिरवताना अंबाड्याची पिन निसटली. मित्रानं ती उचलून दिली. दोघं हसले. एकमेकांची भाषा शून्य, पण गट्टी जमली. मी मध्ये दुभाषा म्हणून नुसताच ताटकळत.

"मावशी, साखर?" त्यानं चिमटीनं हवेत साखर पेरली.

मी भाषांतर केलं, "सुवास फार आवडला म्हणतोय."

आजीबाईंनी आधी चिमटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत जाऊन डबा घेऊन आल्या. माच्चाची, म्हणजे हिरव्या चहाची पूड, साखर मिसळलेलीच! गार पाण्यात नाहीतर दुधात ढवळायची. "उन्हाळ्यात आम्ही लहानपणी हेच प्यायचो," असं सांगून माझ्याकडे वळून मायेनं म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नसेल. परदेशी माणसाला कसं ठाऊक असणार?"

परदेशी मी! तो घरचा!

अहो, या चहापायी मी काय काय सोसलंय. तातामीच्या चटईवर गुडघे मोडून बसलोय, पायांना मुंग्या येऊन उठताना यजमानांच्या अंगावर कोसळलोय, वाडगा नीट फिरवून कडू घोटाला "वा!" म्हटलंय. अकरा वर्षांत एका माणसानं हा डबा दाखवू नये? विचारायचं नव्हतं म्हणून मी विचारलं नाही, ते वेगळं.

तो दोन ग्लास गार दुधात प्यायला, तीन डबे घेतले. पैसे अर्थात मीच दिले. बाहेर पडलो तर ब्योदोइनचं देऊळ बंद झालेलं. 1053 सालचा फिनिक्स मंडप दाखवायचा राहिला म्हणून मी हळहळलो.

त्यानं माझ्या हातातल्या सुट्ट्या पैशांतून 10 येनचं नाणं उचललं, उलटं केलं. त्यावर तोच मंडप.

"हे काय, इथंय की. झालं दर्शन," म्हणाला आणि नाणं स्वतःच्या खिशात टाकलं.