लेटर लावून देणारा माणूस

सप्टेंबरात, पितृपक्ष चालू असतानाच, मावसभावाचा फोन आला. इथे कॅनडात रात्रीचे साडेअकरा म्हणजे नागपुरात सकाळचे नऊ, मागे कुकरची शिट्टी आणि वहिनींचा आवाज, "विचारून टाका ना एकदाचं". विचारायचं हे होतं की पोराला कॅनडाचं जॉब ऑफर लेटर मिळून राहिलं आहे, धरमपेठेतला एक माणूस लावून देतो म्हणतो, अठरा लाख, त्यातले पाच आधी आणि बाकीचे व्हिसा आल्यावर, पितृपक्ष संपला की पैसे द्यायचे, तर "तू तिकडेच आहेस, फक्त एवढं पाहून सांग, लेटर ओरिजिनल आहे का".

पोरगा मेकॅनिकल इंजिनियर, बुटीबोरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला, वय 31. लेटर व्हॉट्सअॅपवर आलं. लेटरहेड मस्त, कोपऱ्यात मेपलचं पान, पगार ताशी डॉलरमध्ये आणि पद फूड सर्व्हिस सुपरवायझर. मी भावाला म्हटलं अरे यानं घरी कधी चहा तरी केला का? तर म्हणे "ते फक्त कागदावर असते रे, तिकडे गेल्यावर तो आपलं पाहून घेईल".

पत्ता माझ्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर निघाला. शनिवारी भाजी आणायला निघालो होतो तसाच पुढे गेलो. दुकान होतं, खोटं कशाला बोलू. समोसे पण आणि पिझ्झा पण, चार टेबलं, काउंटरला एकच पोरगी, शिकायला आलेली असावी. मी मालकाबद्दल विचारलं, ते नाहीत म्हणाली, मी लेटरचं सांगितलं तर तिने इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "अंकल, तुम्ही किती दिले?"

आता हे सगळं मी भावाला रविवारी सांगितलं आणि तरी त्याचा प्रश्न तोच, म्हणजे ओरिजिनल आहे ना. इथेच आपली गाडी अडते. आपल्याकडे कागद एकतर असली असतो नाहीतर नकली, तिसरं काही नसतं. पण इथे लेटर असली, सही असली, सरकारी मंजुरीचा कागदही असली आणि नोकरीच खोटी, असं होऊ शकतं आणि भरपूर होतं. त्या मंजुरीला एलएमआयए म्हणतात. मालक सरकारला सांगतो की मला इथे माणूस मिळत नाही, बाहेरून आणू द्या, त्यासाठी बहुतेक वेळा सरकारी जॉब बँकेवर निदान चार आठवडे जाहिरात चालवावी लागते आणि एका जागेची फी 1,000 डॉलर, म्हणजे साठ-पासष्ट हजार रुपये, आणि ती मालकाने स्वतः भरायची, कामगाराकडून वसूल करणं कायद्याने बंद. तर तो कागद धरमपेठेत अठरा लाखाला. आणि आपल्या सरकारकडे नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला परदेशी नोकरीसाठी उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतात, हे तर तिकडे कोणाला सांगितलं की हसतात.

बरं तिकडे पॉइंटचा हिशोबही जुनाच चालू आहे. नोव्हेंबर 2016 च्या आधी एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडात कायम राहायला पॉइंटवर माणसं निवडतात त्या पद्धतीत, अशा ऑफरला तब्बल 600 पॉइंट होते, मग ते 50 वर आणले, मोठ्या मॅनेजर लोकांना 200, आणि 25 मार्च 2025 पासून शून्य. मार्क मिलर तेव्हा इमिग्रेशन मंत्री होते, त्यांनी डिसेंबर 2024 मध्येच कारण सांगून टाकलं होतं की हे कागद विकले जातात, तो धंदा मोडायचा आहे. म्हणजे ज्या 50 पॉइंटसाठी लोक शेत गहाण ठेवत होते ते पॉइंटच राहिले नाहीत, पण लेटरचा भाव काही उतरला नाही. आणि लेटर विकणारा पूर्ण खोटं बोलतो असंही नाही ना, तीच तर खरी अडचण. स्किल्ड वर्कर म्हणून पात्र व्हायचा हिशोब वेगळा, 100 पैकी 67 लागतात, त्यात खऱ्या ऑफरला अजून 10 आहेत, एलएमआयएवर वर्क परमिटही मिळतो, काही प्रांतांच्या योजना ऑफरवरच चालतात. अर्धं खरं सांगणारा माणूस फार महागात पडतो.

पोराची घाई मला कळते, उगाच शहाणपणा नाही करत. एक्सप्रेस एंट्रीत वयाचे पॉइंट एकट्या माणसाला 29 पर्यंत 110, पस्तिशीत 77 आणि चाळिशीत 50, म्हणजे प्रत्येक वाढदिवसाला केक कापायचा की रडायचं. इथलाच अनुभव असलेल्यांचा कटऑफ पाचशेच्या वर असतो, तो अनुभव बुटीबोरीतून कुठून आणणार. फ्रेंच शिक म्हटलं मी, त्याला पॉइंटही आहेत आणि फ्रेंचवाल्यांचा कटऑफ बराच खाली असतो, तर म्हणे "काका दोन वर्षं जातील". दोन वर्षं जातील हे खरं आहे.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दंगल पेटली होती, 19 सप्टेंबर 2025 ला ट्रम्पने अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर 100,000 डॉलर लावले म्हणून. एक पार्टी म्हणे बरं झालं, आता तरी पोरं इथेच राहतील, नागपूरजवळच्या मिहानच्या उद्योग-पट्ट्यात कंपन्या येऊन राहिल्या, पळपुटे लेकाचे. दुसरी पार्टी म्हणे मिहान मिहान ऐकून आमचे केस पांढरे झाले, पोरं पुण्याला गेली तेव्हा कोणी का नाही ओरडलं, अमेरिका बंद तर कॅनडा सही. चारशे मेसेज झाले असतील. जावं की राहावं, देशप्रेम, आईबाप, टॅक्स, थंडी, सगळं आलं. पण जायचं तर कोणत्या कागदावर, यावर एक मेसेज नाही. मला वाटते दोन्ही पार्ट्यांचं यात एकमत आहे, कागद म्हणजे सेटिंग, ती ज्याला जमली तो हुशार. रेल्वेत लावून देतो, वेकोलित, म्हणजे कोळशाच्या सरकारी कंपनीत लावून देतो, हे ऐकत ऐकतच आपण मोठे झालो, त्यात हे एक कॅनडात लावून देतो.

आणि इथे बसून मला सगळ्यात जास्त हेच खुपते. नागपुरात सेटिंग झाली की विषय संपतो, साहेब बदलून जातो, फाइल कुठेतरी गठ्ठ्यात. इथे फाइल मरत नाही. अर्जावर सही पोराची, त्या धरमपेठेतल्या माणसाचं नाव कुठेच नाही. ऑफिसरने दुकानात फोन लावला आणि त्या काउंटरवरच्या पोरीने खरं सांगितलं तर त्याला मिसरिप्रेझेंटेशन म्हणतात, म्हणजे खोटी माहिती देणं, पाच वर्षं दार बंद, तेवढा काळ पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्जही टाकता येत नाही. पीआर झाल्यावर उघडलं तर पीआर जातं, नागरिक झाल्यावर उघडलं तर तेही जाऊ शकतं. आणि काहीच उघडलं नाही तरी परमिट त्या एका मालकाच्या नावाचा. तो म्हणाला पगार बँकेत घे आणि अर्धा रोख परत आणून दे, तर आणून द्यायचा. अशा फसलेल्यांसाठी 2019 पासून वेगळा ओपन परमिट आहे, त्यावर दुसऱ्या मालकाकडे काम करता येतं, पण त्यासाठी आपलं शोषण झालं याचा पुरावा जोडावा लागतो, आणि ज्याने स्वतःच अठरा लाख मोजले तो ते लिहून द्यायला किती घाबरत असेल, विचार करा.

आता मी काही धुतल्या तांदळाचा नाही. 2018 मध्ये मी आलो ते बिना ऑफरचा, स्कोअरवर, हे खरं. पण माझं एक्सपिरियन्स लेटर मीच टाइप केलं होतं, सगळेच करतात, ड्युटीजची यादी सरकारी साइटवरून पाहून पाहून, आणि नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसात सरांनी चहा पिता पिता सही मारली. अकरा ओळी होत्या. दहा खऱ्या. अकरावी, टीम सांभाळण्याची, त्यात टीम म्हणजे मी आणि एक ट्रेनी जो तीन महिन्यांत सोडून गेला. कोणी काही विचारलं नाही. पण सिटिझनशिपच्या फॉर्मवर माहिती खरी असल्याची सही करायची वेळ आली ना, तिथे पेन अडला होता माझा. पोराचं तर पूर्ण लेटरच ती अकरावी ओळ आहे.

हे मी त्याला सांगितलं, बापाला नाही. म्हटलं बेटा, लेटर खरं की खोटं सोड, उतरल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी तू कुठे जाणार, काय काम करणार, पगार कोण देणार, हे मला सांग. शिवाय काही गोष्टी फुकटात घरबसल्या पाहता येतात. सल्ल्याचे पैसे घेणारा कन्सल्टंट असेल तर त्याचं नाव कॅनडात कन्सल्टंट लोकांना परवाना देणारी जी कॉलेज नावाची संस्था आहे तिच्या रजिस्टरमध्ये असायला हवं, एलएमआयए मिळालेल्या मालकांची यादी सरकार छापतं आणि नियम मोडून दंड झालेल्यांचीही. पोराने सगळं लिहून घेतलं. पाहतो म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. दीक्षाभूमीची गर्दी होती, रस्ते बंद होते, तरी बाबा गाडी फिरवून फिरवून धरमपेठेत गेले, मुहूर्त चुकायला नको म्हणून, पाच लाख देऊन आले. रजिस्टर पाहिलं का विचारलं तर गप्प. मग म्हणे, "पण काका, तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं ना, दुकान तर आहे ना तिथे?"

आहे म्हटलं. चार टेबलं आहेत.

"मग झालं ना," म्हणे, "बाबांना तेच सांगतो."