आजारी शेळीजवळ ठेवून करडं प्रतिकारक होत नाहीत

स्क्रेपी हा शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूचा जीवघेणा आजार. त्यावरचा ‘स्क्रेपीवर रामबाण’ नावाचा एक पाच कलमी संदेश शेळीपालकांच्या गटांतून फिरतोय. काल मामांनीही तो पाठवला, खाली लिहिलेलं, ‘आपणही करून बघू का?’ नको.

चौथ्या कलमापासून सुरुवात करतो, कारण कळप बुडवणारं कलम तेच: ‘आजारी शेळीची करडं तिच्याजवळच वाढू द्या. दोन वर्षं ठणठणीत राहिली तर ती प्रतिकारक समजा आणि पैदाशीला ठेवा.’

अहो, स्क्रेपी म्हणजे देवी नव्हे, की एकदा येऊन गेली आणि जन्माची सुटका झाली. इथे जिवाणूही नाही, विषाणूही नाही. शेळीच्या अंगातलंच प्रिऑन प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तीच घडी पाडतं. प्रथिन घरचंच, त्यामुळे शरीर त्याला परकं मानून लढत नाही. लक्षणं दिसायला साधारण 2 ते 5 वर्षं जातात. म्हणजे बाधित कळपातली दोन वर्षांची तकतकीत पाट रोगमुक्त असेलच असं नाही. ती व्याली की जार आणि गर्भजलातून, पुढे दुधातूनही प्रिऑन बाहेर पडतात, आणि ते सर्वांत सहज लागतात नवजात करडांनाच. या सल्ल्याने प्रतिकारक शेळ्या निवडल्या जात नाहीत, लक्षणं उशिरा दाखवणाऱ्या निवडल्या जातात! करायचं ते नेमकं उलट: विण्याची जागा वेगळी ठेवा, जार पडताच उचला, दुसऱ्या शेळीला तोंड लावू देऊ नका, आणि संशयित शेळीचा चीक किंवा दूध कुठल्याही करडाला पाजू नका.

पाचवं, ‘चुना मारा, ऊन दाखवा’. थापा. गोठ्यातले प्रिऑन त्याने जात नाहीत. पक्क्या पृष्ठभागावर आधी घाण खरवडून लिटरला 40 ग्रॅम कॉस्टिक सोड्याचं द्रावण तासभर ओलं ठेवावं लागतं. मातीच्या जमिनीवर त्याचाही भरवसा नाही. आइसलँडमधल्या एका गोठ्यात संसर्ग किमान 16 वर्षं टिकल्याची नोंद आहे.

पहिलं कलम म्हणतं, ‘बोअर जातीला स्क्रेपी होत नाही’. यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. प्रतिकारक जनुकप्रकार खरंच आहेत. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये पुरावे तपासून तीन प्रकार मान्य केले: प्रिऑन प्रथिनात 222 व्या जागी के, आणि 146 व्या जागी एस किंवा डी (ही अक्षरं म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या अमिनो आम्लांची छोटी नावं). त्यावरून 2020 मध्ये युरोपियन संघाने नियम बदलला, आणि बाधित कळपातल्या असा प्रकार असलेल्या शेळ्या सरसकट मारण्यातून वगळल्या. एस-146 बोअरमध्ये सापडतो, पण प्रत्येक बोअरमध्ये नाही. प्रतिकार जनुकात असतो, जातीच्या नावात नाही. शिवाय हा निष्कर्ष नेहमीच्या, म्हणजे क्लासिकल स्क्रेपीपुरता आहे. स्क्रेपीच्या दुसऱ्या, अटिपिकल प्रकाराला तो लावू नका.

दुसरं, ‘बोकड प्रतिकारक म्हणजे सगळी करडं प्रतिकारक’. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. बोकडाच्या जनुक तपासणीच्या अहवालात 222 ला के-के, म्हणजे दोन्ही प्रती के, असेल तरच प्रत्येक करडाला एक के मिळतो, आणि शेळ्यांत एक प्रतही पुष्कळ काम करते. अहवाल क्यू-के असेल (क्यू म्हणजे नेहमीचा, प्रतिकार नसलेला प्रकार) आणि माद्या क्यू-क्यू, तर 40 करडांतली साधारण 20 कोरीच निघतात. कुठली, ते तोंड बघून कळत नाही. प्रत्येकाची तपासणी करावी लागते. आणि एकच के-के बोकड सापडला म्हणून पुढे त्याच्याच लेकींवर सोडू नका.

राहिलं तिसरं, ‘मेंढीची तपासणी शेळीला चालते’. मेंढीत 136, 154 आणि 171 या जागा बघतात आणि ए-आर-आर हा मेंढीतला प्रतिकारक प्रकार शोधतात. शेळीत तो शोधून हाती काही लागणार नाही. नमुना पाठवताना अर्जावर ‘शेळी, जागा 146 आणि 222’ असं स्पष्ट लिहा.