दहा दिवसांत ‘न्याय’ म्हणे!

आत्याने फॅमिली ग्रुपवर ‘याला म्हणतात कार्यक्षमता’ असा मेसेज टाकलाय. त्यातले दावे असे: न्यायाधीश सुट्ट्यांवर असतात म्हणून खटले तुंबतात, अपिलं बंद केली की निकाल झटपट लागतील, आणि हैदराबादच्या पोलिसांनी 2019 मध्ये 10 दिवसांत न्याय करून दाखवला. आत्याचा वाटणीचा दावा वर्षानुवर्षं कोर्टात पडून आहे, त्यामुळे तिचा वैताग कळतो. मेसेज लिहिणाऱ्याला मात्र ती सवलत नाही.

हैदराबादचंच आधी घेऊ. 27 नोव्हेंबरला एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून, 6 डिसेंबरला पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी ठार. सुप्रीम कोर्टाने चौकशी आयोग नेमला, अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर, आपल्या विदर्भातलेच. 2022 मध्ये उघड झालेला त्यांचा अहवाल म्हणतो की गोळ्या जीव घेण्याच्याच हेतूने झाडल्या, 10 पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, हेही त्यात आहे. अहवालाला पुढे हायकोर्टात आव्हान मिळालं, ते असो. पण गुन्हा या चौघांनीच केला होता का? साक्षीपुरावा झालाच नाही, आता होणारही नाही. समजा खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरत असेल, तर त्याच्याइतका फायदा या ‘कार्यक्षमते’चा कुणालाच झालेला नाही.

अपिलं बंद करायची म्हणता? नाशिकचा खटला बघा. 2003 मधल्या दरोडा-खुनात भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी 2009 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पक्की झाली होती. 2019 मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि सरकारला प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. 2009 मध्येच उरकून टाकलं असतं, तर ही भरपाई कुणाच्या हातात ठेवली असती?

राहिल्या सुट्ट्या. मे महिन्यात दिवाणी कोर्टं बंद असतात, हे खरं. पण दर 10 लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने 1987 मध्येच सांगितलं होतं, आणि आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. शिवाय तारखा पडतात त्या सुट्टीमुळे थोड्याच? समन्स ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत येतं. समोरचा वकील ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला मुदत मागतो आणि त्याला ती मिळते. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षकाराला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय, तहकुबीचा खर्च बसवण्याची तरतूदही तिथेच आहे. पुढच्या तारखेला वकिलांना हा खर्च मागायला लाव, असं आत्याला कळवलंय.