नरपक्ष्यांनो, तिच्याकडे मुळीच बघू नका!

विणीचा हंगाम तोंडावर आलाय, पिसं चोचीने साफसूफ झालीत, गळाही तापलाय. आता एकच पथ्य पाळा: समोर बसलेल्या मादीकडे बघायचं नाही. बघणं तिचं काम, दाखवणं तुमचं.

ती रंगाचे गुण वेगळे देते, आवाजाचे वेगळे आणि शेवटी बेरीज करते, असं बिनधास्त गृहीत धरा. म्हणजे दोन्हींचा मेळ घालायची कटकट नाही. ब्रॉड-टेल्ड हमिंगबर्ड उगाच जीव काढतो. उंचावरून सूर मारून मादीजवळून जाताना सगळ्यात जास्त वेग, शेपटीच्या पिसांचा आवाज आणि गळ्याचा लालभडक रंग झपकन काळपट होणं, हे सारं तो ३०० मिलिसेकंदांच्या आसपास उरकतो. तुम्ही निवांत घ्या. आधी गळा दाखवा, मग सवडीने शेपूट वाजवा, ती थांबेलच. कोनाबिनाचाही विचार नको. ती लाली पिसांच्या रचनेतून येते, त्यामुळे कोन चुकला की गळा काळाच दिसतो. पण तुमचं मन तर दिसेल!

सुपर्ब लायरबर्डने चार प्रकारच्या गाण्यांना चार वेगळ्या हालचाली बांधून ठेवल्यात. हौस त्याची.

आवाजाचं म्हणाल तर जवळ जाऊन कानठळ्या बसवा. पांढरा बेलबर्ड मादी शेजारच्या फांदीवर येताच गर्रकन तिच्याकडे वळतो आणि तोंडावरच सूर फेकतो. १२५ डेसिबलपर्यंत! मादी मागे सरकते. प्रभावित होऊनच सरकत असणार, दुसरं काय?

आता मादीला भुलवायला काटक्यांचा मांडव रचून तो निळ्या वस्तूंनी सजवणाऱ्या सॅटिन बॉवरबर्डचा आगाऊपणा बघा. काटक्यांच्या दोन उभ्या भिंती, मधल्या बोळात मादी, आणि समोर हा पिसं फुलवून धावतोय, यंत्रासारखी घुरघुर करतोय. इथवर ठीक. पण मध्येच थांबून अंदाज घेतो! ती खाली दबून बसली तर जोर वाढवतो, दचकली तर आवरतं घेतो. पक्ष्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक गेल पॅट्रिसेली यांनी बोळात चक्क यंत्रमादी बसवून तिला दचकायला लावलं. २००२ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की, दचकणं ओळखून जोर कमी करणाऱ्या नरांनाच खऱ्या माद्याही जास्त पसंत करतात. असल्या नरांमुळेच आपला धंदा बसतो.

शिवाय तरुण माद्या निळ्या सजावटीला भुलतात आणि जोरकस नाचाला बिचकतात, तर अनुभवी माद्यांना तोच नाच दणकेबाज लागतो. समोर कोण आलीय हे ओळखायचं तर तिच्याकडे बघावं लागेल, तेव्हा तो विषय सोडा. ती उडून गेली की निळी पिसं आणि बाटल्यांची झाकणं मात्र मोजून घ्या. तुमची पाठ वळली की शेजारचा नर ती लांबवतो.