पाय मांडीवर असताना गप्प बसा

घोड्याचा पाय माझ्या मांडीवर असतो तेव्हा माझ्याशी बोलू नका. हात जोडून सांगून झालं, आता ओरडून सांगतोय.

बावीस वर्षं नालबंदी करतोय, म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकतोय. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, नुकरे घोडे ओळीने बांधलेले असतात. भोंगे, धूळ, गर्दी, सगळं असतं. त्याची तक्रार नाही, यात्राच आहे ती. सारखा चालणारा गोंगाट घोड्याच्याही अंगवळणी पडतो. माझं डोकं फिरतं ते दोन हातांच्या अंतरावर उभं राहून तोंड चालवणाऱ्यांमुळे. "आप्पा, एक नाल केवढ्याला पडतो?" "आप्पा, दुखत नाही का त्याला?" "आमच्या गावचा नालबंद असं नाही करायचा." अरे भाऊ, माझ्या तोंडात चार खिळे आहेत, मागचा पाय मांडीवर आहे, उत्तर कशाने देऊ?

मी खडूस आहे म्हणून गप्प नसतो. खिळा मी कानाने ठोकतो! खुराचं बाहेरचं कवच आपल्या नखासारखं, त्यात जीव नसतो. खिळा त्यातून चालला की आवाज टणक येतो. कवच आणि आतला जिवंत भाग यांच्या मधे पांढरी रेघ असते, तिच्या आत शिरला की तोच आवाज बसतो. तो एक ठोका ओळखला तर खिळा तिथल्या तिथे उपटता येतो. तुमच्या बडबडीत हुकला तर खूर पिकतं, जनावर पाय टेकत नाही, आणि बदनाम होतो नालबंद. घोडाही ऐकतच असतो. एक कान माझ्याकडे वळवून उभा असतो. मी शांत असलो की तो अंग सैल सोडतो, तीन पायांवर भार घेतो.

गेल्या महिन्यात वरातीची एक घोडी होती. सहावा खिळा ठोकला, टोक खुराच्या बाहेर आलेलं, मोडायचं बाकी. तेवढ्यात मालकाच्या पोराने मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला आणि शिट्टी मारली. व्हिडिओत कान टवकारलेले हवे होते त्याला! तिने पाय हिसकला. टोक मांडीवर बांधलेला चामड्याचा पट्टा फाडून माझ्या मांडीत. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. वर मालक मलाच विचारतो, "आप्पा, लक्ष कुठे होतं तुमचं?"

माझं लक्ष? माझंच लक्ष होतं फक्त तिथे!

मांडी भरून आली. पण ही घोडी आधी नुसता हात लावला की पाय उचलून द्यायची, तीच आता हातोडी दिसली तरी थरथरते. दीड महिना होत आला, खूर वाढलं असेल, नाल काढून परत बसवायचे आहेत. तो पोरगा तिथे दिसला तर मी पेटी उघडणार नाही. मजुरी गेली खड्ड्यात.