निळ्या झाकणाचं दूध

मुलगी अकरा महिन्यांची झाली तेव्हापासून दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "अजून डबाच चालू आहे का रे?" डबा म्हणजे फॉर्म्युला, बाळांसाठी तयार केलेली दूधपावडर. आमची मुलगी चौथ्या आठवड्यापासून अर्धं अंगावरचं आणि अर्धं डब्याचं अशी वाढली, पाचव्या महिन्यात अंगावरचं थांबलं आणि मग सगळं डब्यावरच. आईचं म्हणणं, सहा महिने झाले की वरचं दूध सुरू करायचं, गाईचं, निम्मं पाणी घालून, उकळून, साय काढून, तुम्ही दोघं भाऊ त्याच्यावरच वाढलात. आणि त्याच कॉलवर शेजारी बसलेली वहिनी म्हणणार, साधं दूध एवढ्यात कशाला, आमच्याकडे तर चौथ्या नंबरचा डबा चालू आहे, त्यात सगळं असतं. (डब्यांना वयाप्रमाणे नंबर असतात.) माझा पुतण्या तेव्हा वीस महिन्यांचा होता.

इथे इंग्लंडमध्ये हा विषय दोन मिनिटांत संपला. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलं असलेल्या घरी येणाऱ्या आरोग्यसेविका, आल्या होत्या, त्या म्हणाल्या वर्ष पूर्ण झालं की डबा बंद, निळ्या झाकणाचं दूध द्या, बाटलीतून नको, कपातून. दुधाच्या बाटल्यांची झाकणं इथे रंगाने ओळखतात, निळं म्हणजे पूर्ण साईचं, हिरवं म्हणजे अर्धी साय काढलेलं, लाल म्हणजे जवळजवळ सगळी काढलेलं. त्यांनी सांगितलं, दोन वर्षांपर्यंत फक्त निळं, नीट जेवत असेल तर दोननंतर हिरवं चालतं, आणि लाल पाच वर्षांच्या आत मुख्य दूध म्हणून द्यायचंच नाही. म्हणजे आपल्याकडे लहान मुलाला पचावं म्हणून जी साय काढून टाकतात, नेमकी तीच या वयात हवी असते.

सुरुवातीला मला वाटलं, बघा, किती सोपं आहे, घरी उगाच गुंता करून ठेवलाय. आता तीन महिने झाल्यावर तसं वाटत नाही. घरच्या वादात काही गोष्टी चुकीच्या आहेत, काही इथल्यापेक्षा बऱ्या आहेत, पण दोन्ही बाजू भांडतात ते कुठलं दूध यावर, आणि डबा बंद केल्यावर डब्यातून जे मिळत होतं ते आता कुठून येणार यावर कोणीच बोलत नाही.

वर्षाची अट आहे ती कशासाठी तेही सांगतो. फॉर्म्युलासुद्धा बहुतेक वेळा गाईच्या दुधापासूनच करतात, पण त्यातलं प्रोटीन आणि क्षार कमी करून आणि लोह वरून घालून. साध्या गाईच्या दुधात प्रोटीन आईच्या दुधाच्या साधारण तिप्पट, त्याचा आणि क्षारांचा भार छोट्या बाळाच्या किडनीवर पडतो, काही बाळांच्या आतड्यातून थोडं थोडं रक्त जातं जे डोळ्यांना दिसत नाही, आणि लोह तर एका लिटरमध्ये जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला साधारण सात मिलिग्रॅम लागतं असं इथलं मानक. म्हणजे दुधाने ही गरज भागणं शक्यच नाही, कितीही प्यायलं तरी, उलट दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रोटीन बाकीच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. ज्या दिवशी डबा बंद होतो त्या दिवसापासून लोह ताटातून यायला हवं, डाळ, अंडं, मांस-मासे, पालेभाजी, आणि सोबत लिंबू पिळलेलं म्हणजे ते शोषलं जातं. ही खरी बदली आहे, दूध बदलणं त्यामानाने छोटं काम.

हे मी इतकं जीव तोडून लिहितोय कारण गेल्या महिन्यात पुतण्याचं हिमोग्लोबिन ८.६, म्हणजे बरंच कमी आलं. मूल गोरंगोमटं, गुटगुटीत, वजन उत्तम, कोणाला शंकाही आली नसती. ताप उतरत नव्हता म्हणून रक्त तपासलं आणि हे निघालं. वहिनीशी तासभर बोललो तेव्हा कळलं, मधल्या काळात डबा कमी करून साधं दूध वाढवलं होतं, दिवसातून चार-पाच बाटल्या, म्हणजे लिटरच्या आसपास, आणि जेवायला बसवलं की तोंड फिरवतो म्हणून परत बाटली. पोट दुधानेच भरलेलं मूल जेवेल कसं? यात वहिनीची चूक आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, दूध पितंय म्हणजे मूल ठीक आहे हेच आपण सगळे ऐकत मोठे झालो. आणि ती एकटी नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला होता. त्याची कारणं अनेक आहेत, दूध हे त्यातलं एकच, पण दर तीन मुलांत दोन हा आकडा समोर असताना घराघरांत वाद कशावर चाललाय तर गाय की म्हैस, जर्सी की देशी.

ए टू दुधाचं, म्हणजे केसीनचा एक ठरावीक प्रकार असलेलं, देशी गाईचं म्हणून विकतात त्याचं, तर विचारूच नका. फॅमिली ग्रुपवर त्याचे मेसेज रोज येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ए वन, ए टू असे दावे पाकिटांवरून काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं. माझं मत विचाराल तर वर्षाच्या मुलासाठी यातलं काहीही ठरवून बसायची गरज नाही. लोह दोन्हीतही जवळजवळ नाहीच.

आईच्या बाजूनेही बोलायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या आहाराबद्दल जी मार्गदर्शिका काढली त्यात म्हटलंय की अंगावर नसलेल्या बाळांना सहा ते अकरा महिन्यांत फॉर्म्युला किंवा प्राण्याचं दूध, दोन्हीपैकी काहीही चालेल, आणि वर्षानंतर प्राण्याचं दूधच द्यावं, पुढच्या नंबरांचे डबे नकोत. म्हणजे सहा महिन्यांनंतर वरचं दूध हे म्हणणं अडाणीपणाचं नाही. इथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस मात्र मुख्य दूध म्हणून वर्षाच्या आत नको म्हणते, इथे फॉर्म्युला सहज मिळतो म्हणून आम्ही तेच पाळलं. पण पाणी घालण्याची गोष्ट मला पटत नाही आणि आईला मी हे स्पष्ट सांगितलं. निम्मं पाणी म्हणजे निम्मं पोषण, पोट तेवढंच भरतं. म्हशीचं दूध जड वाटत असेल तर गाईचं द्या, पण ते पाण्याने वाढवू नका.

उकळण्यावरून मात्र मी इथून शिकवायला जाणार नाही. इथलं दूध पाश्चराइज होऊन थेट फ्रिजपर्यंत थंड राहतं म्हणून आम्ही सरळ कपात ओततो. घरी पाकिटातलं दूधही पाश्चराइज्डच असतं, पण मधे ते किती वेळ उन्हात पडलं होतं ते आईला माहीत नाही, मलाही नाही, आणि सुट्टं दूध तर उकळायलाच हवं. गंमत म्हणजे डब्याची पावडर निर्जंतुक नसते, ती निदान ७० अंशांच्या गरम पाण्यात कालवावी लागते, आणि हे घरी डबा वापरणाऱ्यांना फारसं कोणी सांगितलेलं नसतं, कोमट पाण्यातच कालवतात.

आता इथलं न आवडलेलं. फॉर्म्युलाच्या पहिल्या डब्याची जाहिरात करायला ब्रिटनमध्ये बंदी आहे, पण सहा महिन्यांपुढच्या फॉलो-ऑन डब्याची करता येते, आणि दोन्ही डबे दिसायला जवळजवळ सारखेच, त्यामुळे जाहिरात एकाची आणि खप दोघांचा. आपला कायदा १९९२ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक केला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूधपावडरींचीच नाही तर शिशुआहाराचीही जाहिरात करायला त्यात बंदी आहे. हा कायदा मला इथल्यापेक्षा चांगला वाटतो. वहिनीपर्यंत चौथ्या नंबरचा डबा पोचला तो जाहिरातीतून नाही तर कोणीतरी सांगितलं म्हणून, आणि तिथे कायदा पोचत नाही.

आमचं प्रत्यक्ष कसं झालं तेही सांगतो कारण भावाने मुद्दाम विचारलं होतं. एकदम बदलायला हरकत नसते, पण मुलीने पहिल्या दिवशी थंड दूध थुंकलं, म्हणून मग तयार केलेल्या फॉर्म्युलात पाव भाग साधं दूध मिसळलं, तीन-चार दिवसांनी अर्धं, असं करत दोन आठवड्यांत डबा सुटला. पहिल्या आठवड्यात शी घट्ट झाली, पाणी आणि फळं वाढवल्यावर ठीक झाली. आता दिवसाला ३५० ते ४०० मिलिलिटर, त्याच्यावर नाही, आणि जेवणाच्या आधी तर नाहीच. डब्यातलं ड जीवनसत्त्वही बंद झालं म्हणून रोज १० मायक्रोग्रॅमचे थेंब सुरू केले. बाटली सोडवायला सगळ्यात जास्त त्रास झाला, आणि तिथे आईचाच उपाय चालला, वाटी-चमचा. हेल्थ व्हिजिटरही उघडा कप म्हणत होत्या, पण कप ती ढकलून द्यायची, वाटीने आठवडाभर पाजलं तेव्हा ओठ लावायला शिकली.

पुतण्याला आता लोहाचं औषध चालू आहे, दुधासोबत द्यायचं नाही हे डॉक्टरांनी नीट समजावलंय. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात. परवा वहिनीने फोटो पाठवला, तो मांडी घालून बसलाय, समोर अंडं कुस्करलेला भात, निम्मा भात जमिनीवर आणि निम्मा तोंडाला. शेजारी छोटी वाटी होती. बाटली कुठे दिसली नाही, मी फोटो मोठा करून पाहिला.